झाकणातली भाजी

अंबडहून रविराज पगारचा फोन आला तेव्हा उज्वलाबाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून जेवत होत्या. उभ्यानं जेवणं त्यांच्या आईला कधी खपलं नसतं. पण आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. एका माणसासाठी टेबल पुसायचं, तांब्या भरायचा, ताट मांडायचं, ह्या सगळ्याला जेवणापेक्षा जास्त वेळ लागतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून दोन पोळ्या आणि भाजीची पिशवी यायची. पिशवीची गाठ सोडायची, भाजी वाटीत ओतायची आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचं पार्किंग बघत खाऊन टाकायची.

"मॅडम, ओळखलंत का? रविराज. पगार."

"पगार कसा विसरेन?" त्यांनी घास पटकन गिळला.

पलीकडे तो हसला. उज्वलाबाई शिकवत त्या व्यवस्थापन संस्थेत पहिल्या दिवशी त्यानं वर्गाला नाव सांगून 'मला मनुष्यबळ विभागात जायचंय' असं म्हटलं तेव्हा पोरं बाकं बडवून हसली होती. हे पगार कळवणकडचे. शेतातून आलेला, इंग्रजीला बिचकणारा मुलगा, आता नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कंपनीत त्याच विभागाचा प्रमुख होता. विजेचे स्विच बनवणारी कंपनी. जुळणीच्या कामावर सगळ्या बायका.

"मॅडम, सिन्नरच्या पुढे आमचा नवा प्लांट होतोय. होळीनंतर जुळणीतल्या निम्म्या बायका तिकडे जाणार. आता कुणाला कुणाबरोबर पाठवायचं, हा प्रश्न आहे. वरचे म्हणतात, बसच्या रूटप्रमाणे करा. द्वारका चौकाच्या अलीकडच्या इथं, पलीकडच्या तिकडं. मला तुमची ती भाजीची पद्धत आठवली."

उज्वलाबाई भिंतीला टेकल्या. भाजीची पद्धत! किती वर्षांनी कुणी त्या शब्दांचा उच्चार केला होता.

तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या आणि सातपूरच्या कारखान्यांत नव्यानं बायका दिसू लागल्या होत्या. उज्वला गायधनी पीएचडीसाठी विषय शोधत हिंडत होती. साहेब लोकांच्या केबिनमध्ये भिंतीवर एक तक्ता असायचा. वर व्यवस्थापक, खाली पर्यवेक्षक, त्याखाली चौकोनच चौकोन. प्रत्यक्षात कोण कुणाचं ऐकतं, कुणाचं मशीन अडलं की ती कुणाला हाक मारते, ह्याचा त्या तक्त्यात पत्ता नसायचा. तो पत्ता उज्वलाला जेवणाच्या सुट्टीत लागला. बायका डबा उघडायच्या, पहिला घास घ्यायच्या आधी झाकण उलटं करायच्या, त्यात आपली भाजी काढायच्या आणि झाकण सरकवायच्या. झाकण कुणाकडे सरकतं, तेवढंच तिनं बघितलं. बाईमागे एक ठिपका, झाकणामागे एक रेघ. महिन्याभरानं कागदावर जे जाळं तयार झालं ते साहेबांच्या तक्त्याशी कुठंच जुळत नव्हतं. पुढे कंपनीनं बायकांच्या जागा हलवल्या, तेव्हा ज्यांच्या रेघा तुटल्या त्यांनी वर्षाच्या आत कामं सोडली. झाकणं एकत्र राहिली तिथं बायका टिकल्या.

तो निबंध परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला. संस्थेत त्यांचं नाव मात्र 'भाजी मॅडम' पडलं ते निवृत्त होईपर्यंत. निरोपाच्या भाषणात संचालकांनीसुद्धा तोच विनोद केला होता.

"येते," उज्वलाबाई म्हणाल्या. "गेटपासची व्यवस्था कर."

फोन ठेवल्यावर त्यांनी उरलेली पोळी बसून खाल्ली.

दिवाळी होऊन गेली होती आणि सकाळी रस्त्यावर धुकं असायचं. रिक्षा त्र्यंबक नाक्यावरून निघाली की उज्वलाबाई शाल घट्ट करत. पूर्वी ह्या रस्त्याला सायकलींची रांग लागायची, पुढच्या दांडीला डब्याची पिशवी अडकवलेली. आता कंपन्यांच्या बसेस होत्या, आणि बसमध्ये प्रत्येक डोकं मोबाईलवर वाकलेलं.

कंपनीचं कँटीन मोठं होतं, पण बायकांना तिथली भाजी पचत नसे. मागच्या बाजूला पत्र्याची एक लांब खोली होती, तिला सगळे डबारूम म्हणत. दाराशी उज्वलाबाईंसाठी एक खुर्ची ठेवली होती. मांडीवर पॅड, पॅडवर कोरा कागद.

भोंगा झाला आणि खोली भरली. आवाजच किती! बाकं सरकली, डब्यांच्या कड्या निघाल्या, कुणाच्या तरी सासूचा उद्धार झाला. उज्वलाबाईंना वाटलं, आपण इतके दिवस कानात कापूस घालून बसलो होतो की काय.

पंख्याखालचं टेबल सुवर्णा बोरसेचं होतं. कळवणचीच, चाळिशीची, अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. तिच्या आजूबाजूला सात-आठ जणी. पाण्याच्या टाकीजवळ सरिता गांगुर्डे आणि तिच्या मैत्रिणी, हळू बोलणाऱ्या. कोपऱ्यात नव्या पोरी, एका हातात घास, दुसऱ्या हातात मोबाईल. आणि शेवटच्या खिडकीशी, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर एकटी अंबूबाई. ती पेठकडची, पॅकिंगमध्ये होती. मांडीवर नागलीची भाकरी, बाहेरच्या निलगिरीकडे तोंड. तिच्याकडे झाकण जात नव्हतं आणि तिच्याकडून येत नव्हतं. कागदावर तिचा ठिपका सुटा राहिला. उज्वलाबाईंची पेन्सिल त्या ठिपक्यापाशी थोडा वेळ थांबली.

"या मॅडम, जेवायला," पहिल्याच दिवशी सुवर्णानं हाक मारली.

"नको, मला पथ्य आहे."

हे उत्तर त्यांनी पस्तिशीतही दिलं होतं. त्यांच्या मार्गदर्शक सरांचा नियमच होता: निरीक्षकानं पंगतीत बसायचं नाही. एक घास घेतला की पाहुणा झालात, आणि पाहुणा आला की घरातले लोक घरच्यासारखे वागत नाहीत. उज्वलाबाईंनी तो नियम आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवला.

दुसऱ्या दिवशी हाक आली. तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी पथ्य. संध्याकाळी पंडित कॉलनीतल्या फ्लॅटचं कुलूप उघडलं की आत शांतता जशीच्या तशी उभी असे. त्या टीव्ही लावत, बातम्यांचा आवाज मोठा करत, पण डबारूमसारखं काही त्यातून निघत नसे. टीव्ही कुणाला 'ए भवाने, माझा चमचा दे' म्हणत नाही.

आठवडा झाला असेल. सुवर्णा आपलं झाकण घेऊन थेट खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. झाकणात मेथीची भाजी होती, वर शेंगदाण्याचं कूट.

"काय ओ मॅडम, कसलं पथ्य हाय तुमचं? मेथीचं पण?"

"अगं, डॉक्टरांनी..."

"काल चार वाजता कँटीनच्या पोरानं आणलेला वडा खाल्ला ना तुम्ही ऑफिसात. मी पाहिलं."

उज्वलाबाईंनी पॅड छातीशी धरलं.

"तसं असंल तर सांगून टाका," सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट थोडा खाली आला होता. "आमच्या हातचं चालत नसंल तर आम्ही नाय विचारणार. इथं सगळ्या जातीच्या हाय. आम्हाला काय, सवय हाय."

गायधनी आडनाव, पांढरी सुती साडी, दाराशी खुर्ची आणि हातात पेन्सिल. ह्या बायकांना आठवडाभर काय दिसलं असेल, हे उज्वलाबाईंना एका क्षणात दिसलं. पस्तीस वर्षांपूर्वीही तेच दिसलं असणार. तेव्हा फक्त कुणी तोंडावर बोललं नव्हतं.

नियम समजावून सांगता आला असता. चार वाक्यांचं काम होतं. उज्वलाबाईंनी पॅड खाली ठेवलं, झाकण हातात घेतलं आणि बोटांनी मेथी उचलून तोंडात घातली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

खोली फुटल्यासारखी हसली. "ऐकलं का सुवर्णा? आम्ही रोज सांगतो!" पंख्याखालच्या एकीनं ओरडून घेतलं. कुणीतरी बाक सरकवलं, कुणी अर्धी भाकरी पुढे केली. उज्वलाबाई खुर्ची सोडून बाकावर बसल्या. सुवर्णाचा गैरसमज काढायला आपण खाल्लं, असं त्यांनी रिक्षात स्वतःला सांगितलं. त्र्यंबक नाक्याच्या कोंडीत रिक्षा बराच वेळ अडकली होती, आणि तेवढ्या वेळात हे कारण त्यांना पुरेनासं झालं. खरं म्हणजे त्यांना भूक लागली होती. पोटाची नव्हे.

पुढचे दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. प्रत्येकीला मॅडमना काहीतरी खाऊ घालायचं होतं. आज हिची वालपापडी, उद्या तिची उडदाची आमटी. सुवर्णानं कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी आणली आणि वर ठेचा. "हळू खा मॅडम, पुढल्या निबंधात आमचं नाव यायचं, ठेच्यानं मारलं म्हणून!" पाहुणीला कुठल्या एका टेबलाशी बसवून चालणार नव्हतं, म्हणून टेबलं जवळ आली. आधी दोन, मग तिसरं. सरिता आणि सुवर्णा वर्षानुवर्षं एकमेकींना पाठ करून जेवत होत्या म्हणे, कुठल्याशा ओव्हरटाईमवरून. त्या समोरासमोर आल्या.

"काय शे ते डब्यात?" सुवर्णा सरिताच्या डब्यात डोकावली.

"विष हे. घेते का?"

"दे, आज मंगळवार हाय, विष चालतं उपासाला."

उज्वलाबाई हसता हसता डोळे पुसत. घरी त्या आता स्वयंपाक करू लागल्या. बाजारात जाऊन स्टीलचा तीन खणी डबा आणला. आईच्या हातची भरली वांगी त्यांना येत होती, फक्त तीळ किती भाजायचे ते विसरायला झालं होतं. दोनदा करपवल्यावर ते जमलं. डबारूममध्ये वांगी संपली आणि सरिता झाकणाला बोट लावून चाटून बसली, तेव्हा उज्वलाबाईंना एखाद्या परिषदेत टाळ्या पडाव्यात तसं झालं. नव्या पोरींनी मोबाईल बाजूला ठेवून त्यांना नाशिकच्या जुन्या गोष्टी विचारल्या. त्यांनी सांगितल्या. घाटावर बर्फाचा गोळा मिळायचा तो कुठं, कॉलेज रोडला संध्याकाळी कसं सामसूम असायचं, पहिल्या कारखान्यात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं म्हणून त्या दिवसभर पाणी कसं पीत नसत. कुणीतरी ऐकतंय हे दिसलं की एकेक आठवण आपोआप वर येई.

कागदावर रेघा ओढायचं काम त्या संध्याकाळी आठवणीनं करत. काही दिवसांनी ते कागद बघायचं त्या टाळू लागल्या. सगळ्या रेघा एकाच ठिकाणी येत होत्या. जाळं नव्हतंच, चाक होतं. सगळे आरे मधल्या ठिपक्याकडे, आणि मधला ठिपका त्यांचा स्वतःचा. विद्यार्थ्यानं असा कागद आणला असता तर त्यांनी तो त्याच्यासमोर फाडला असता. त्यांनी तो घडी करून कपाटात ठेवला. उद्या बघू, म्हणाल्या.

उद्या बघू असं म्हणत संक्रांत आली. तीळगूळ झाला, सुवर्णानं त्यांच्या हातात काचेच्या बांगड्या भरल्या. "मॅडम, कंपनीत चालत नाय, मशीनमध्ये अडकतात, पण तुम्हाला कुठं मशीन हाय!"

त्याच आठवड्यात अंबूबाई त्यांच्याकडे आली. सुट्टी संपली होती, बायका हात धुवायला गेल्या होत्या. एवढ्या दिवसांत अंबूबाई आपणहून बोलायला आलेली ही पहिली वेळ. सगळी टेबलं एक झाली त्या दिवशी सुवर्णानं तिला खिडकीपासून ओढूनच आणलं होतं. 'एकटी काय बसते गं भुतासारखी, मॅडम काय म्हणतील!' तेव्हापासून तीही टेबलाशी बसे. उज्वलाबाईंना त्याचा मनातून आनंद झाला होता. सुटा ठिपका जोडला गेला, आणि तो आपल्यामुळे.

"बाई, एक विचारू का?" अंबूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. "राग नका मानू."

"विचार की."

"तुमचा हा अभ्यास कधी संपल?"

उज्वलाबाईंना आधी वाटलं, ही आपल्या जाण्याचं वाईट वाटून विचारते आहे. "का गं? मी गेल्यावर चुकल्यासारखं होईल?"

अंबूबाई गोंधळली. खोटं बोलायची तिला सवय नसावी. "तसं नाय. तुम्ही चांगल्या हाय. पण मला खिडकीत जायचं हाय परत."

"इथं आवडत नाही?"

"घरी लय माणसं हायेत बाई. दीर, जावा, त्यांची पोरं, म्हातारा. एकाच खोलीत. पहाटे उठले का रात्रीपर्यंत कोणी ना कोणी बोलतंच. इथं मशीनचा आवाज. ती खिडकीतली अर्धी सुट्टी हाय ना, तेवढीच माझी एकटीची. झाड बघत जेवायचं, कोणी काय बोलायचं नाय." तिनं पदराचं टोक सोडलं. "आता सुवर्णा बसू देत नाय. म्हणते मॅडमना वाईट वाटंल."

बाहेर भोंगा झाला. अंबूबाई डबा उचलून निघून गेली.

उज्वलाबाई रिकाम्या टेबलाशी बसून राहिल्या. कागदावरचा तो सुटा ठिपका बघून त्यांना पहिल्या दिवशी कळवळा आला होता. तो अंबूबाईसाठी नव्हता, हे आता त्यांना स्वच्छ कळलं. अंबूबाईला एकटेपण हवं होतं आणि तिला ते मिळत नव्हतं. आपल्याकडे ते पोत्यांनी पडून होतं, आणि ते टाकायला आपण हिची खिडकी घेतली.

त्या रात्री त्यांनी कपाटातले कागद काढले, टेबलावर पसरले, आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन रविराजच्या केबिनमध्ये गेल्या.

"वा, मॅडम! झालं वाटतं."

"झालं नाही. बिघडलं." त्यांनी चाकाचा कागद पुढे केला.

रविराजनं तो उलटसुलट करून पाहिला. "पण हे तर छानच आहे. सगळ्या एकत्र दिसतायत. आहे तेच वरच्यांना देऊ. म्हणजे कुणालाही कुणाबरोबर पाठवलं तरी चालेल."

"मधला ठिपका कुणाचा आहे?"

"कुणाचा?"

"माझा. मला सिन्नरला पाठवणार आहेस का?"

रविराजच्या तोंडून हसू निघालं आणि मध्येच थांबलं. वर्गातही तो असाच, मॅडम विनोद करतायत की रागावल्यात हे न कळून थांबत असे.

"मी त्यांच्यात जेवायला बसले, रविराज. त्यामुळे आता जे दिसतंय ते माझ्याभोवतीचं आहे. मी उठले की ह्यातलं काय राहील, मला सांगता येणार नाही. ह्यावरून तू बायका वाटल्यास तर उद्या कुणाची रेघ कुठं तुटेल, त्याचा पत्ता लागणार नाही. त्यापेक्षा बसचा रूट बरा, निदान तो खरा असतो."

"मग बसचा रूटच करू?" त्याचा चेहरा पडला. "मॅडम, मागच्या वेळी पॅकिंगवाल्यांना असंच हलवलं. किती जणी सोडून गेल्या, माहितीये? त्यातल्या तिघी माझ्या गावच्या. घरी जायची चोरी झाली मला."

उज्वलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आणखी एक रस्ता होता, तो त्यांना कालपासून दिसत होता. तो उच्चारायला मात्र तोंड उघडत नव्हतं.

"मी परत खुर्चीवर बसते," शेवटी त्या म्हणाल्या. "न जेवता. सगळं पहिल्यासारखं होईपर्यंत थांबायचं आणि मग मोजायचं."

"पहिल्यासारखं व्हायला किती दिवस लागतील?"

"त्या मला विसरेपर्यंत."

रविराजनं कॅलेंडरकडे पाहिलं. होळीला अजून वेळ होता. "बघा बुवा," तो म्हणाला. "तुम्हाला जमेल?"

त्यांनी चाकाचा कागद उचलला आणि त्या डबारूमकडे निघाल्या.

ह्या वेळी त्यांनी पथ्याचं निमित्त सांगितलं नाही. जेवणाआधी सुवर्णाला बाजूला घेतलं आणि सगळं उलगडून सांगितलं. झाकणं, रेघा, सिन्नरचा प्लांट, होळीनंतरची यादी. सुवर्णा कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे तुम्ही आमच्यात बसल्या, तर आमचं खरं काय ते दिसत नाय."

"हो."

"आणि नाय दिसलं, तर हे लोक आम्हाला कुठंपण फेकणार."

"हो."

"म्हणजे आता तुम्ही इथं असून नसायचं." सुवर्णानं त्यांच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. "मग त्या दिवशी माझ्या हातून मेथी कशाला खाल्ली ओ? तेव्हाच सांगायचं ना. मी काय समजले नसते?"

"समजली असतीस," उज्वलाबाई म्हणाल्या. "मला खायची होती."

सुवर्णानं त्यांच्या खांद्यावरची शाल उगाच सारखी केली, आणि आत जाऊन टाळी वाजवली. "ए, ऐका! आजपासून मॅडमना कोणी हाक मारायची नाय. त्यांच्याकडं बघायचं पण नाय. का ते मी नंतर सांगते. आणि अंबूबाई, जा तू तुझ्या खोक्यावर, जा!"

पहिले दिवस वाईट गेले. कुणीच हाक मारत नव्हतं, पण सगळी खोली त्यांना हाक न मारण्याच्या कामात गुंतलेली होती. नव्या पोरी चोरून बघत आणि नजर मिळाली की जिभा चावत. सरितानं एकदा झाकण उचललं, अर्ध्या वाटेत तिला आठवलं, आणि ती झाकण घेऊन तशीच परत फिरली. उज्वलाबाई पॅडवर कोरा कागद ठेवून बसत. त्यावर काही लिहिण्यासारखं नव्हतं. सांगितलं म्हणून हाक न मारणं वेगळं आणि हाक मारायचं सुचतच नाही ते वेगळं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या ह्यातल्या दुसऱ्या प्रकाराची वाट बघत होत्या.

घरी त्यांनी तीन खणी डबा घासून फळीवर पालथा ठेवला. केंद्रावरची पिशवी पुन्हा सुरू केली.

मग हळूहळू टेबलं सुटली. आधी नव्या पोरींचं. त्या कोपऱ्यात गेल्या आणि मोबाईल वर आले. सुवर्णा आणि सरितामध्ये पंख्यावरून काहीतरी झालं, आणि टाकीजवळचं टेबल टाकीजवळ गेलं. पण अगदी पूर्वीसारखं झालं नाही. सरिताची एक मैत्रीण सुवर्णाकडेच राहिली, आणि मधूनमधून एखादं झाकण खोली ओलांडून जायचं, रागानं आपटल्यासारखं ठेवलं जायचं, पण जायचं. हे पूर्वीपासून होतं की आपल्यामुळे झालं, ह्याचा उज्वलाबाई विचार करत बसत. विचार करायला त्यांना वेळच वेळ होता. अंबूबाई खिडकीत बसून निलगिरीकडे बघत नागलीची भाकरी मोडत होती, आणि तिच्या पाठीवर इतकं समाधान दिसत होतं की उज्वलाबाईंना पहिल्यांदा तिचा हेवा वाटला.

आपल्याकडे बघणाऱ्यांची संख्या रोज कमी होते, हे त्या शास्त्रज्ञासारखं बघत होत्या. बरं चाललं होतं. त्यांना हवं तसंच चाललं होतं. एक दिवस पोरींच्या कोपऱ्यातून कुणीतरी बर्फाच्या गोळ्याचा विषय काढला. उज्वलाबाईंचे ओठ हलले. पण गोष्ट सुरू व्हायच्या आधीच विषय कुणाच्या तरी लग्नाकडे वळला.

उन्हं तापायला लागली होती. पत्रा कडकड वाजायचा. त्या दिवशी भोंगा झाला, बायका आल्या, बाकं सरकली. सुवर्णा घाईत होती. बसायच्या आधी तिला पर्स ठेवायला जागा हवी होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं, दाराशी खुर्चीची पाठ दिसली, त्या पाठीला तिनं पर्स अडकवली आणि बोलत बोलतच आपल्या टेबलाकडे गेली. "अगं, काल आमच्याकडं काय झालं ऐक ना." पर्सचा पट्टा उज्वलाबाईंच्या खांद्यावरून खाली लोंबत होता. सुवर्णा बसली, दाराकडे पाठ करून, आणि तिनं डबा उघडला.

उज्वलाबाई हलल्या नाहीत. थोडा वेळ त्यांना वाटलं, आत्ता ती जीभ चावेल, मागे वळेल, 'अगं बाई, मॅडम!' म्हणेल. सुवर्णा वळली नाही. तिच्या कालच्या गोष्टीत कुणाची तरी म्हैस रस्त्यात बसली होती, आणि पंख्याखालचं टेबल हसत होतं.

उज्वलाबाईंनी पॅड सरळ केलं. पट्टा तसाच खांद्यावर राहू दिला. कागदाच्या वर तारीख घातली आणि खोलीतल्या बायकांचे ठिपके काढायला घेतले. पंख्याखालचे, टाकीजवळचे, कोपऱ्यातले, खिडकीतला एक. दाराशी ठिपका काढायची गरज नव्हती.

सुवर्णानं झाकण उलटं केलं, त्यात भाजी काढली आणि डावीकडे सरकवलं. उज्वलाबाईंनी पहिली रेघ ओढली.